मावशींचं सर्वनाम

पुरुषाने बाईला लिहिलेल्या मजकुरातला कोणता शब्द खोटा आहे, हे माझ्या मावससासूबाईंइतकं अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसऱ्या कुणालाही कळत नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मुलीला आलेला एखादा मेसेज त्यांच्यापुढे ठेवून बघावा. मावशी चष्मा कपाळावर सरकवतात, फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरतात आणि मिनिटभरात त्या मुलाची कुंडली मांडतात. सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या वाणसामानाच्या दुकानात कोथिंबीर निवडता निवडता हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एकदा एका आईने त्यांना मेलबर्नच्या स्थळाकडून आलेला लांबलचक ईमेल दाखवला. मुलगा डॉक्टर, घर स्वतःचं आणि ईमेल इतका सुरेख की आई निम्मी विरघळलेली. मावशींनी तो तिथेच डाळींच्या पोत्यांना टेकून वाचला आणि म्हणाल्या, "हे बाईने लिहिलंय. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ह्या मजकुराशी लग्न करायचं असेल तर मुलगा बदलावा लागेल." चौकशी केली तर ईमेल त्याच्या थोरल्या बहिणीने लिहिलेला निघाला. ते लग्न काही जमलं नाही, पण ती बहीण आणि मावशी ह्यांचं असं मेतकूट जमलं की दोघी अजून एकमेकींना चिवडा पाठवतात.

ही विद्या त्यांना वाचून वाचून आली. पुण्याहून तरुणपणी त्या पीएचडीसाठी सिडनीला आल्या आणि इथल्या एका युनीत, म्हणजे विद्यापीठात, अमेरिकेतल्या अगदी पहिल्यावहिल्या कादंबऱ्या शिकवत राहिल्या. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाच्या ह्या कादंबऱ्या, बऱ्याचशा पत्रांतून सांगितलेल्या. गोष्ट साधारण एकच. एक हुशार मुलगी असते. तिला रीतसर मागणी घालणारा एक सज्जन, कंटाळवाणा गृहस्थ असतो. आणि दुसरा एक असतो, गोड गोड पत्रं लिहिणारा आणि त्यात लग्नाचा शब्द शिताफीने टाळणारा. मुलगी सगळं मैत्रिणीला पत्रातून कळवते, मैत्रीण पत्रातून तिला सावध करते, आणि शेवटी मुलगी घर सोडते, फसते आणि कुठल्या तरी परक्या गावच्या खाणावळीत एकटी मरते. मुलींना धाक घालण्यासाठी लिहिलेली ही पुस्तकं, असं कुणी म्हटलं की मावशींचं टाळकं सटकायचं. "अगं, त्या मुलींना मताचा हक्क नव्हता, मालमत्ता नव्हती. हो आणि नाही, एवढे दोनच शब्द त्यांच्या मालकीचे. ते कुणाला द्यायचे, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्याची ती गोष्ट आहे. धाक कसला?" मी कॉम्प्युटरवाली, मला साहित्यातलं ओ का ठो कळत नाही. पण मावशी हे सांगू लागल्या की माझी भाजी करपायची आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

ह्या नायिका मावशींच्या दृष्टीने नात्यातल्याच होत्या. एखादीचं पुस्तक वर्गात चालू असलं की ते सहा आठवडे आमच्या गिरावीनच्या घरात तिचीच काळजी. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या त्या उदास चेहऱ्याने. बसता बसता म्हणाल्या, "गेली गं शेवटी त्याच्याबरोबर. आईला चिठ्ठीसुद्धा न ठेवता." नेमकी माझी आई तेव्हा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. तिने पदर तोंडाला लावला. "अगं बाई, कुणाची मुलगी?" मावशी म्हणाल्या, "अमेरिकेतली." आई म्हणाली, "पोलिसात कळवलं का? कधी गेली?" मावशींनी पोळीचा तुकडा मोडत सांगितलं, "झाली असतील सव्वादोनशे वर्षं." आईने तेव्हापासून मावशींशी फक्त हवामानावर बोलायचं ठरवलं. माझी मुलगी मात्र त्यांची लाडकी. ती युनीला जाऊ लागली आणि तिला डेटिंग अॅपवर मुलांचे मेसेज येऊ लागले, तसा मावशींना नवा अभ्यासविषयच मिळाला. एका मुलाने लिहिलं होतं की मी फार साधा माणूस आहे. मावशी म्हणाल्या, "साधी माणसं असं लिहीत नाहीत. त्यांना ते माहीत नसतं." मुलीने त्याला ब्लॉक केलं. "आजी इज ऑलवेज राइट, इट्स सो अनॉइंग," एवढंच ती म्हणाली.

त्यातल्याच एका कादंबरीचं मावशी मराठी भाषांतर करत होत्या. करत होत्या म्हणजे मी लग्न होऊन सिडनीला आले तेव्हाही करत होत्या आणि माझी मुलगी युनीला जाऊ लागली तेव्हाही करतच होत्या. गाडं अडलं होतं एका सर्वनामावर. इंग्रजीत राजाला, कुत्र्याला, आईला आणि प्रेयसीला एकच 'यू'. मराठीत तसं भागत नाही. बाईला पत्र लिहायला बसलेल्या पुरुषाला पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं, तुम्ही की तू. मग तो गोडबोल्या 'तुम्ही'वरून 'तू'वर नेमका कोणत्या पत्रात घसरतो? "तिथेच ती फसते," मावशी म्हणायच्या, "आणि इंग्रजीत ती जागा दिसतच नाही. बिचारीला कळणार कसं?" ही जागा शोधण्यासाठी त्यांनी सगळ्या मराठी समाजाला वेठीला धरलं. जो भेटेल त्याला एकच प्रश्न, तुमचं अहोवरून अरेवर कधी आलं? दाढ काढायला गेल्या तेव्हा तोंड उघडं असतानाही त्यांनी हातवारे करून डॉक्टरला हेच विचारलं, आणि त्या भल्या माणसाने इंजेक्शन भरता भरता उत्तर दिलं. मंडळाच्या गणपतीत त्यांनी एका जोडप्याला गाठलं. नवरा म्हणाला, लग्नाआधीच. बायको म्हणाली, आपलं तर लग्नानंतर दोन वर्षांनी झालं, लग्नाआधी कोण होती? आरती होईपर्यंत त्यांचं ते मिटलं नव्हतं. मावशींना ह्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट हे उदाहरण त्यांनी वर्गात वापरलं.

आणखी एका बाबतीत त्या अख्ख्या सिडनीहून वेगळ्या होत्या. त्यांनी घर घेतलं नाही. इथे चार मराठी माणसं जेवायला जमली की वरणभातापर्यंत मुलांच्या शाळा होतात आणि ताकापासून प्रॉपर्टी सुरू होते. मावशी मात्र हॅरिस पार्कमध्ये मिठाईच्या दुकानावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीस वर्षं ठिय्या देऊन बसलेल्या. खालून सतत तुपाचा वास, जिन्यात नेहमी कुणाचे तरी बूट. मंडळातला प्रत्येक माणूस त्यांना सल्ला द्यायचा की टूनगॅबीत घ्या, शांत आहे, आमच्याजवळ याल. एकट्या बाईने कुठे राहावं हे ठरवायला सगळ्यांना भारी उत्साह. मावशी हसून ऐकायच्या आणि घरी आल्यावर मला सांगायच्या, "आणखी एक टूनगॅबीवाला भेटला." टूनगॅबीवाला हा आमच्या घरात आगाऊ सल्लागार ह्या अर्थाचा शब्द होऊन बसला होता.

त्यात खरोखरचे एक टूनगॅबीचे काका त्यांच्या आयुष्यात आले. मूळचे इंदूरचे, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनियर, इथल्या नोकरीतून निवृत्त झालेले. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा पर्थला. मावशी भाषांतर शाईच्या पेनाने लिहायच्या आणि ते कॉम्प्युटरवर टाइप करून देणारं कुणी मिळत नव्हतं. मंडळात ही अडचण त्यांनी बोलून दाखवली, तेव्हा काका उभे राहून म्हणाले, "आपली हरकत नसेल तर मी करीन." इंदूरची मराठी माणसं बोलण्यात भलती अदबशीर. काका आमच्या कुत्र्यालासुद्धा "आपण बाजूला व्हावं" म्हणायचे. दर रविवारी ते टाइप केलेली पानं घेऊन हॅरिस पार्कला यायचे, खालच्या मिठाईच्या दुकानात दोघं चहा घ्यायचे आणि नवी पानं घेऊन ते परत जायचे. मध्ये एखादा मेसेज. आपण पाठवलेली पानं मिळाली. आपलं अक्षर सुंदर आहे, पण आपण 'ळ' काढताना घाई करता. मी एकदा हळूच म्हटलं, "मावशी, ह्यांचे मेसेज नाही तपासत तुम्ही?" त्या म्हणाल्या, "काय तपासायचंय? सिग्नलचा माणूस. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा." पण रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसतात, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

मग एक दिवस मावशी तणतणत आल्या. "हाही टूनगॅबीवालाच निघाला गं," म्हणाल्या, आणि त्यांनी मला काकांचा मेसेज वाचून दाखवला: बराच विचार केला. आपण उरलेलं आयुष्य टूनगॅबीत काढावं, असं मला मनापासून वाटतं. घाई नाही. "ह्याला कुणी विचारलं होतं? मी कुठे राहावं आणि कुठे मरावं हे आता ह्याने ठरवायचं?" त्यांनी उत्तरही पाठवून दिलं होतं. सल्ल्याबद्दल आभार. माझं हॅरिस पार्कमध्ये उत्तम चाललं आहे. त्यावर काकांचा एकच ओळीचा मेसेज आला होता, समजलो, क्षमा असावी. मावशींच्या मते विषय संपला. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मावशींनी वाचलेलं पुन्हा तपासून बघायची आमच्या घरात पद्धतच नव्हती.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. उरलेली पानं पोस्टाने आली, व्यवस्थित क्रमाने लावलेली. "सल्ला द्यायचा आणि वर रुसायचं," मावशी म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष उडालं. भाषांतराला हात लागेना. मुलीने एका अगदीच पोकळ मुलाचा मेसेज त्यांना दाखवला तर "बरा वाटतो" म्हणाल्या, तेव्हा मात्र मी घाबरले. मग कळलं की काकांनी घर विकायला काढलंय आणि ते कायमचे पर्थला मुलाकडे चाललेत. मी ही बातमी सांगितली त्या शनिवारी मावशी आमच्याकडेच जेवत होत्या. त्यांनी वाटी बाजूला सारली. "चांगलं आहे की," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "मी एवढं काय तोडून बोलले होते?" असं म्हणत त्यांनी फोन माझ्या मुलीच्या हातात दिला. "तूच वाच आणि सांग, चूक कुणाची."

माझी मुलगी इथेच जन्मली आणि शनिवारच्या मराठी शाळेत मराठी शिकली. समोरच्या माणसाला आदराने 'आपण' म्हणतात, हे कानांवरून गेलं असलं तरी तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. इथे सगळं तू आणि तुम्हीवर भागतं, आणि 'आपण' म्हणजे आपण सगळे. तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि डोळे मोठे केले. "आजी, ही इज नॉट टेलिंग यू व्हेअर टू लिव्ह. 'आपण' मीन्स वी, राइट? वी शुड स्पेंड द रेस्ट ऑफ अवर लाइव्हज. टुगेदर. दॅट्स अ प्रपोजल." माझ्या नवऱ्याने मान वर केली. "कुणाचं लग्न?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता भाजी वाढून घेतली. मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ धरला. मला वाटलं, त्या ओळीत पुष्कळ पानं असावीत, इतका वेळ त्या ती वाचत होत्या. इंदूरकडे समोरचा माणूसही आपण आणि आपण दोघंही आपणच. ज्यांनी साऱ्या आयुष्यात एकाही पुरुषाची ओळ तपासल्याशिवाय सोडली नाही, त्यांनी ही एकच ओळ तपासली नव्हती. "वाक्य दोन्हीकडून बसतं," त्या अखेर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना नाही म्हणून बसले गं."

काकांचं घर गिऱ्हाइकांना बघायला खुलं कधी आहे ते मुलीने फोनवर शोधलं तर नेमकं त्याच दुपारी. मावशी हात धुवायला उठल्या. मी म्हटलं, "आधी एक मेसेज करू या का?" "नको," त्या म्हणाल्या. "लिहिलेल्यावर विसंबून बाईचं भलं झालेलं मी आजवर वाचलेलं नाही. गाडीची किल्ली घे."

काकांच्या दारात एजंट उभा होता, घट्ट सुटातला, हातात टॅबलेट. नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेऊन त्याने मावशींना विचारलं की घर राहण्यासाठी हवंय की इन्व्हेस्टमेंट म्हणून. "दॅट इज व्हॉट आय हॅव कम टू फाइंड आउट," मावशी म्हणाल्या आणि आत शिरल्या. घर विकणाऱ्याने अशा वेळी बाहेर जायचं असतं, हा इथला रिवाज. पण आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी परत पाठवणं इंदूरच्या रक्तात नाही. त्यामुळे काका स्वयंपाकघरात पोहे परतत उभे होते आणि एक चिनी जोडपं कपाटांची मापं घेता घेता बशीतले शेव घातलेले पोहे खात होतं. मावशींना बघून काकांच्या हातातलं उलथनं थांबलं. "आपण?" ते म्हणाले. "या. पोहे घ्या."

"तुमच्या त्या ओळीतलं 'आपण' म्हणजे कोण?" मावशींनी तिथेच, सगळ्यांदेखत विचारलं. "मी एकटी, की दोघं?"

काकांनी गॅस बारीक केला. "एकट्या माणसाला इथे राहा म्हणून मी कशाला सांगेन," ते म्हणाले. "इथे एकट्याने राहणं काय असतं ते मला माहीत आहे."

"मग मी वाचायला चुकले," मावशी म्हणाल्या. "जन्मभर मुलांना वाचायला शिकवलं आणि तुमची एक ओळ मला वाचता आली नाही. मी उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाला. ते मागे घेते. ह्या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे."

काकांनी कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाले की आता मुलाला शब्द दिलाय, सून कामावर परत जाणार, नात लहान आहे, पर्थला जावंच लागेल. "आणि आपण तीस वर्षांचं इथलं सगळं सोडून..." एवढं बोलून ते अडखळले. "आपण म्हणजे तुम्ही," त्यांनी घाईने सुधारलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. ज्यांना मंडळातली सगळी माणसं मिळून पाच स्टेशनं पलीकडे हलवू शकली नाहीत, त्या मावशी म्हणाल्या, "येईन की." मग त्यांनी स्वतःच बशी घेतली आणि पोहे वाढून घेतले. एजंटने आत डोकावून विचारलं, कुणी इंटरेस्टेड आहे का. "व्हेरी," मावशी म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते, मला फार अभिमान वाटत होता. साठी उलटलेली बाई भरल्या घरात आपली चूक कबूल करते आणि आपल्या मालकीच्या दोन शब्दांपैकी एक स्वतः जाऊन देते, हे मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

सेमिस्टर संपेपर्यंत त्या थांबल्या. शेवटच्या तासाला मी रजा टाकून मागच्या बाकावर जाऊन बसले. मावशींनी फळ्यावर देवनागरीत 'आपण' लिहिलं आणि समोरच्या पोरांना त्याचे दोन्ही अर्थ समजावले. तो गोडबोल्या 'तू'वर कधी घसरतच नाही, त्या म्हणाल्या. मी उगाच इतकी वर्षं ती जागा शोधली. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत 'आपण'च लिहितो. त्याच्या मनात त्याचा अर्थ असतो 'आपण बाईसाहेब', आणि ती बिचारी वाचते 'आपण दोघं'. सभ्य माणसाने लिहिलं तर उलटंही होतं, असं म्हणून त्या जरा हसल्या. का ते वर्गात मला एकटीलाच कळलं. वर्ग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. शेजारच्या मुलीने मला विचारलं, तुमच्या त्या कोण? नवऱ्याच्या आईची बहीण हे इंग्रजीत सांगायला फार लांबतं. "शी इज अवर्स," मी म्हटलं.

रजिस्टर पद्धतीने लग्न झालं, त्याच मिठाईच्या दुकानात जेवण झालं आणि दोघं पर्थला गेले. फ्लॅट रिकामा करताना मावशींनी मला त्यांची कढई दिली, मुलीला सगळे शब्दकोश. भाषांतर पुरं झालं आहे, छापायला गेलं आहे. दर रविवारी त्यांचा फोन येतो. काका नातीला "आपण दूध प्यावं" म्हणतात, हे त्या नक्कल करून सांगतात आणि आम्ही दोघी पोट धरून हसतो. इतकी वर्षं मावशींची सगळी वाक्यं आपणनेच सुरू व्हायची, आपण गौरीला पुरण करू, आपण पोरीला जरा समजावू, आपण भिंतींना रंग देऊन घेऊ. मी कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. परवाच्या फोनवर त्या सहज म्हणाल्या, "काल संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो होतो गं. छान वारा होता." मी म्हटलं, "वा, छान." फोन ठेवला आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. 'आपण'मध्ये ऐकणारा माणूस धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये नसतो, एवढं व्याकरण मावशींच्या सहवासात मलाही आलं आहे. मला फार आनंद झाला, हे अगदी खरं आहे. पण त्या 'आम्ही'त मी नव्हते.